संगणकाचे लहान घर

संगणक घ्यावयाचा ठरला की प्रोसेसर कोणता आणि ग्राफिक्स कार्ड कोणते, यावर घरात रात्र रात्र खल होतो. कॅबिनेट मात्र दुकानदार देईल ते पत्करले जाते. खेळासाठी संगणक हवा असेल आणि तो लहान जागेत मावावयाचा असेल, तर हा क्रम उलटा करावा लागतो.

तुयेच्या पठारावर इलेक्ट्रॉनिक उद्योगांसाठी वसाहत आखली गेल्यापासून आपल्या पेडण्यातील मुलांना स्वतः संगणक जोडण्याची हौस अधिक वाटू लागली, तर नवल नाही. घरे मोठी असली तरी मुलाची अभ्यासाची खोली मोठी असतेच असे नाही, आणि चवथीला तीच पाहुण्यांना द्यावी लागते. म्हणून सुटसुटीत कॅबिनेटची मागणी रास्तच आहे.

मदरबोर्डचे मिनी-आयटीएक्स हे माप व्हीआयए या तैवानी कंपनीने २००१ साली पुढे आणले. त्याची बाजू १७० मिलिमीटर. मायक्रो-एटीएक्सची बाजू जास्तीत जास्त २४४ मिलिमीटर. वीस लिटरांहून कमी आकारमानाच्या कॅबिनेटांत बहुधा पहिलाच बोर्ड बसतो, आणि येथेच पालकांची फसगत होते. कॅबिनेट स्वस्त मिळते, पण त्यात बसणारा लहान बोर्ड त्याच दर्जाच्या मायक्रो-एटीएक्सहून सहसा महाग असतो. शिवाय अशा पुष्कळ कॅबिनेटांना नेहमीचा एसएमपीएस चालत नाही. एसएफएक्स मापाचा लागतो आणि त्याचेही दाम अधिक. पेटीवर वाचविलेले हजार रुपये या दोन वस्तूंत दुपटीने जाऊ शकतात. मध्यम खिशाला मायक्रो-एटीएक्स बोर्ड व साधा एसएमपीएस घेणारे आटोपशीर कॅबिनेटच परवडते, असे माझे स्पष्ट मत आहे. ते थोडे रुंद दिसेल, इतकेच.

वैद्यकीय वाचकांना पुढचा मुद्दा चटकन पटेल. प्रोसेसर ६५ वॅटचा आणि ग्राफिक्स कार्ड ११५ वॅटचे धरले, तरी खेळ रंगात असताना जुन्या शंभर वॅटच्या दोन दिव्यांइतकी उष्णता त्या पेटीत निर्माण होते. श्वास घेण्यास समोरून वाट हवी, सोडण्यास मागून किंवा वरून. समोर अखंड काच लावलेली, रंगीत दिव्यांनी लखलखणारी कॅबिनेटे देखणी असतात. पण कडेच्या फटी अरुंद असल्या तर गुदमरतात. ताप वाढला की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करतो, आणि मुलाला वाटते की कार्ड बिघडले. जाळीदार दर्शनी भाग घ्यावा. जाळीमागचा धूळगाळ काढून धुता यावा. आपल्याकडील तांबड्या मातीची धूळ किती बारीक असते, हे कौलारू घरात राहणाऱ्यांस सांगावयास नको.

मोरजी-मांद्रेच्या खाऱ्या वाऱ्यात पत्र्याला गंज लवकर चढतो. रंग सर्वत्र सारखा बसला आहे ना, कडा धारदार नाहीत ना, हे हाताने चाचपून पाहावे. पावसाळ्यात यंत्र आठवडेच्या आठवडे बंद ठेवण्यापेक्षा अधूनमधून चालवावे. त्याच्या उबेने आतील ओल कमी होते. कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर दोष बहुधा घरच्या अर्थिंगचा असतो. तेथे वायरमनलाच बोलवावे.

खरेदीपूर्वी तीन मापे कागदावर लिहून न्यावीत: ग्राफिक्स कार्डाची लांबी, त्याची जाडी आणि प्रोसेसरवरील कूलरची उंची. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात यांच्या मर्यादा दिलेल्या असतात. समोरचा पंखा बसविल्यावर लांबीतून सुमारे पंचवीस मिलिमीटर कमी होऊ शकतात, हे विक्रेता सांगेलच असे नाही.

मुले किती खेळतात हा प्रश्न वेगळा. जागतिक आरोग्य संघटनेने अतिरेकी खेळाच्या विकाराची नोंद २०१९ साली मान्य केलेल्या आपल्या रोगवर्गीकरणात केली, हे आपणांस ठाऊक आहेच. मात्र मुलगा उद्या फर्मागुडीला किंवा पुण्याला शिकावयास गेला, तर हेच यंत्र अभ्यासालाही लागेल. पेडणे स्थानकावरून ते गाडीने न्यावयाचे झाल्यास जड ग्राफिक्स कार्ड आधी काढून वेगळे गुंडाळावे. धक्क्याने बोर्डावरील खाच तुटली, तर बहुधा सारा बोर्डच बदलावा लागतो.