अक्कलकुव्याचा मदरसा आणि देवबंदमधील वाद

इस्लामी विद्येचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांपुढे कैरो, देवबंद किंवा अलिगढ उभे राहते. शहादा तालुक्यातील ब्राह्मणपुरीच्या वाचकास मात्र इतके दूर जाण्याचे कारण नाही. शहाद्याहून तळोदामार्गे गेले की सातपुड्याच्या पायथ्याशी अक्कलकुवा लागते. तेथे मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवी यांनी १९७९ साली ‘जामिया इस्लामिया इशाअतुल उलूम’ ही संस्था स्थापन केली. मदरशात नेमके काय शिकवावे, या देशव्यापी चर्चेत पुढे आपल्या नंदुरबार जिल्ह्याचे नाव आले ते याच संस्थेमुळे.

भारतातील बहुतेक मोठ्या मदरशांत ‘दर्स-ए-निजामी’ हा पाठ्यक्रम चालतो. तो लखनौच्या फिरंगी महल येथील मुल्ला निजामुद्दीन (मृत्यू १७४८) यांच्या नावाने ओळखला जातो. अरबी व्याकरण, तर्कशास्त्र, तत्त्वज्ञान, धर्मविधी, कुराणाचे भाष्य आणि शेवटी हदीस असा त्याचा क्रम सांगता येईल. सेमिनरीत ईशज्ञानाआधी तत्त्वज्ञान शिकावे लागते, हे ठाऊक असलेल्या आपल्या वाचकांना ही रचना फारशी परकी वाटू नये. मुल्ला निजामुद्दीन यांच्या परंपरेत तर्काला मोठा मान होता. १८६६ साली स्थापन झालेल्या देवबंदच्या दारुल उलूमने भर हदीसवर दिला. म्हणजे आज जो पाठ्यक्रम ‘जुना’ म्हणून जपला जातो, तोही एकेकाळी बदललेलाच आहे!

मदरशाबाहेरही हा अभ्यास होतो. मुंबईचे डॉ. असगर अली इंजिनिअर (१९३९–२०१३) यांनी धर्मशिक्षण वडिलांकडून घेतले, पदवी स्थापत्य अभियांत्रिकीची मिळवली आणि १९८० मध्ये इस्लामी अभ्यासाची संस्था काढली. धर्मवचन कोणत्या काळी, कोणत्या समाजाला उद्देशून आले, हा त्यांचा प्रश्न असे. त्या आधारे त्यांनी स्त्रियांच्या हक्कांची मांडणी केली. परंपरेतील उलेमा मात्र प्रथम विचारतात : हा अर्थ कोणत्या गुरूकडून आला? दोन्ही प्रश्न अभ्यासाचेच आहेत. परंतु ते विचारणारे एका मेजाभोवती क्वचितच बसतात.

वस्तानवी यांनी तिसरी वाट धरली. दर्स-ए-निजामीला धक्का न लावता त्यांनी त्याच्या शेजारी आधुनिक शिक्षणाच्या संस्था उभारल्या. जालना जिल्ह्यातील बदनापूरचे वैद्यकीय महाविद्यालय त्यांपैकीच एक.

जानेवारी २०११ मध्ये ते देवबंदचे कुलगुरू, म्हणजे मोहतमिम, निवडले गेले. ते सहारनपूरच्या मजाहिर उलूमचे विद्यार्थी, देवबंदचे नव्हेत, शिवाय गुजरातचे. त्यांच्याकडून पाठ्यक्रमात सुधारणा होईल, अशी अनेकांना आशा होती. परंतु लवकरच गुजरातच्या विकासाविषयी आणि २००२ च्या दंगलींविषयी त्यांनी एका मुलाखतीत केलेल्या विधानांवरून वादळ उठले. जुलै २०११ मध्ये संस्थेच्या शूरा मंडळाने त्यांना पदावरून दूर केले.

त्यानंतरही अक्कलकुव्याचे काम त्यांनी चालू ठेवले. ४ मे २०२५ रोजी त्यांचे निधन झाले. २०११ च्या त्या सहा-सात महिन्यांत वृत्तपत्रांचे रकानेच्या रकाने भरले, ते बहुतांशी राजकारणाने. हदीसच्या वर्गाशेजारी विज्ञानाचा वर्ग असावा काय, आणि असल्यास विद्यार्थ्याने दोहोंना वेळ कसा द्यावा, ही चर्चा मात्र मागेच पडली.