जुनी मनी आणि नवं पिल्लू

शेळी बाजारातून विकत आणतात, मांजर मागून आणतात. शिरूर-दौंडकडची ही जुनी रीत. कुणाच्या वस्तीवर भाटी व्याली की पिल्लांचे डोळे उघडायच्या आतच ती बोलून ठेवलेली असतात. एक पाव्हण्यांना, एक किराणावाल्याला, एक शाळेतल्या बाईंना. मग एखाद्या दिवशी बाजाराच्या पिशवीत बसून, मोटारसायकलच्या हँडलला लटकून पिल्लू न्हावऱ्याहून चौफुल्याला नाहीतर पाटसवरून दौंडला पोचतं. त्या घरात आधीचं मांजर असलं तर त्याचा विचार सहसा कुणी करत नाही. ओट्यावर पिशवी उघडली जाते, जुनी मनी शेपटी फुगवून फिस्कारते आणि घरातलं वडीलधारं माणूस म्हणतं, "राहू द्या, चार दिवसांत होतील सवयीचे."

पूर्वी होतही असत, कारण जागा होती. कणगीमागे, माळ्यावर, गोठ्यात, कडब्याच्या गंजीवर. जुन्या मांजराला नवं नकोसं झालं तर ते गुपचूप गोठ्यात मुक्काम हलवायचं आणि रात्री येऊन खाऊन जायचं. सवय झाली असं आपल्याला वाटायचं. खरं तर त्यांनी घर वाटून घेतलेलं असायचं.

आता घराची दारं दिवेलागणीलाच लागतात. शिरूरच्या जांबूत, पिंपरखेड, कवठे येमाई या बागायती पट्ट्यात उसातला बिबट्या ही रोजची धास्ती आहे. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये पिंपरखेड-जांबूत भागात लहान मुलांसह माणसं बिबट्याच्या हल्ल्यात गेली, तेव्हापासून तर अंधारात अंगणात कुणी थांबत नाही. मांजरालाही बाहेर ठेवण्यात अर्थ नाही. शेजारच्या जिल्ह्यात अकोले तालुक्यात बिबट्याच्या खाण्याचा अभ्यास झाला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासानुसार त्याच्या भक्ष्याच्या एकूण वजनात सर्वांत मोठा वाटा गावातल्या कुत्र्यांचा, ३९ टक्के. आणि दुसरा नंबर घरच्या मांजरांचा, १५ टक्के. शेळ्या त्यानंतर. तिकडे दौंडला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आणि नव्या इमारतींतल्या फ्लॅटमध्ये बिबट्याची भीती नसली तरी दार बंदच असतं. थोडक्यात, दोन मांजरांना आता रात्र दोन खोल्यांत एकत्र काढावी लागते. 'होतील सवयीचे' हा भरवसा म्हणूनच पुरत नाही. तयारी करावी लागते, आणि ती पिल्लाइतकीच, किंबहुना जास्त, जुन्या मांजरासाठी करावी लागते.

याचं मूळ मांजराच्या स्वभावात आहे. आपलं पाळीव मांजर आफ्रिका आणि पश्चिम आशियातल्या रानमांजरापासून आलं. ते एकट्याने उंदीर मारून खाणारं जनावर. माणसाने धान्य साठवलं, धान्याला उंदीर आले, उंदरांमागे मांजर आलं. सायप्रस बेटावर सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका थडग्यात माणसाशेजारी पुरलेलं मांजर सापडलं, इतकी ही सोबत जुनी. धान्य साठवण्यात आपला मुलूखही मागे नव्हता. शिरूर तालुक्यातच घोड नदीकाठी इनामगावला डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं, तेव्हा तीन हजार वर्षांहून जुन्या वस्तीत धान्याचं कोठार मिळालं. मात्र इतक्या सोबतीनंतरही कुत्र्यासारखी कळपाची शिस्त मांजराच्या अंगी आली नाही. भरपूर खाणं असलं की एका आईच्या लेकी एकत्र राहतात, एकमेकींच्या पिल्लांना पाजतातसुद्धा. म्हणून घरच्या भाटीची लेक घरात सहज खपते. परक्या वस्तीवरून आलेलं पिल्लू तिच्या दृष्टीने परकंच, आणि परकं ओळखायचं तिचं साधन नाक.

दाराची चौकट, खाटेचा पाय, तुमची पोटरी, जिथे जिथे मनी गाल घासते तिथे ती आपला वास लावून ठेवते. त्या वासाने भरलेलं घर म्हणजे तिचं घर. त्यात अचानक दुसऱ्या मांजराचा वास घुसला की ती घाबरते, आणि मग भांडते, खाणं सोडते किंवा अंथरुणात मुतते. त्यासाठी तिला मारणं हा शुद्ध अन्याय आहे.

तेव्हा पिल्लू आणायच्या आधी एक खोली मोकळी करावी. देवघर नको, स्वयंपाकघर नको. धान्याची, जुन्या ट्रंकांची खोली चालेल, फक्त युरियाची गोणी आणि फवारणीचं औषध तिथून हलवावं. जुन्या मांजराची झोपायची जागा मात्र घेऊ नये. पिल्लाला पाणी, खाणं, अंगाखाली गोणपाट आणि घाणीसाठी वाळू किंवा लाकडाचा भुसा. घमेलं पिल्लाला उंच पडतं; उथळ प्लास्टिकचा ट्रे किंवा कडेने कापलेला टब बरा. मांजरं दोन असतील तर अशी तीन भांडी असावीत, आणि खाण्यापासून दूर.

पिल्लू किती दिवसांचं आणावं? आपल्याकडे महिन्याचं झालं, भाकरी चाटायला लागलं की उचलतात. ते फार लवकर होतं. हेलसिंकी विद्यापीठाने २०१७ साली पावणेसहा हजारांच्या आसपास मांजरांची माहिती तपासली, तेव्हा आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडलेली मांजरं पुढे जास्त चावरी निघाल्याचं दिसलं. दात केव्हा रोखावेत, पंजा केव्हा आवरावा हे पिल्लू आईकडून आणि भावंडांच्या कुस्तीतून शिकतं. निदान दोन महिने पुरे होऊ द्यावेत, तीन झाले तर उत्तम.

ते घरात येईल ते दवाखान्यातून. मांजरांच्या पार्व्होला, म्हणजे पॅनल्यूकोपेनियाला, मी सगळ्यात जास्त भिते. पिल्लू वरून ठणठणीत दिसतं आणि दोन-तीन दिवसांत उलट्या-जुलाबांनी जातं. विषाणू खोलीत वर्षभरही टिकतो. म्हणून दहा ते चौदा दिवस वेगळी खोली हवीच. पहिली लस आठव्या आठवड्याच्या सुमारास, पुढचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळाव्या आठवड्यापर्यंत, रेबीजची तीन महिन्यांनंतर. जुन्या मांजराची लस राहिली असेल तर ती पिल्लू येण्याआधी. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गाई-म्हशी-शेळ्यांची वर्दळ. मांजराची लस तिथल्या फ्रीजमध्ये असेलच असं नाही. आधी फोन करून विचारावं, म्हणजे पिल्लाची फरफट होत नाही.

गोठ्याच्या घरात आणखी एक धोका असतो, आणि तो मुद्दाम सांगायला हवा. पिल्लाच्या अंगावर पिसवा दिसल्या की गाईचं गोचिडाचं औषध त्याला लावलं जातं. त्यातलं सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन मांजराच्या शरीराला पचत नाही. झटके येऊन पिल्लू मरतं. फिनेलचंही तसंच, फरशी पुसून ओली ठेवली की पंजे चाटताना ते पोटात जातं. ताप आला म्हणून पॅरासिटामॉलचा तुकडा देणं तर जीवावरच बेततं.

आता ओळखीचं. नाकाची ओळख आधी, डोळ्यांची मागाहून. न्हावऱ्याजवळच्या एका वस्तीवर हे मी जवळून पाहिलं. तिथल्या सुनेने सुती फडकं पिल्लाच्या गालांवरून फिरवलं आणि मनीच्या ताटलीपासून दोन हातांवर टाकलं. मनी चालता चालता थबकली, पुढचा एक पाय तसाच उचललेला. मान लांब करून हुंगलं. मग वरचा ओठ वर ओढला गेला, तोंड अर्धवट उघडं राहिलं. टाळूतल्या अवयवाने मांजर वास असा तपासतं. लगेच पाठ फिरवून ती खाटेखाली जाऊन खांदा चाटू लागली, पण दोन्ही कान मागे, फडक्याकडे. संध्याकाळी त्याच फडक्याशेजारी ती जेवली. सासूबाई म्हणाल्या, "बघा, चिंधीची भीती गेली तिची."

चिंधी रोज बदलावी, मनीच्या गालांवरची पिल्लाकडे, पिल्लाची मनीकडे. मग बंद दाराच्या दोन बाजूंना दोघांच्या ताटल्या, आधी लांब, मग हळूहळू फटीजवळ. पुढे मनीला थोडा वेळ पिल्लाच्या खोलीत आणि पिल्लाला तेवढा वेळ घरात फिरू द्यावं, समोरासमोर न आणता. त्यानंतर जाळीच्या दारातून भेट. जाळी नसली म्हणून पिल्लाला डालग्याखाली कोंडून मनीपुढे ठेवतात, ते करू नये. त्याला मागे सरायला वाव राहत नाही. फिस्कारणं, थोडी गुरगुर चालेल. टक लावून बघणं, अंग जमिनीला चिकटवणं, ताटली सोडून जाणं दिसलं की एक पायरी मागे यावं. घाई केलेला एक दिवस पुढचे पंधरा दिवस खातो. खरीच झुंज लागली तर मधे हात घालू नये, पुठ्ठा किंवा परात आडवी धरावी. चावा बसला तर जखम साबणाने, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावी आणि रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावं.

काही मांजरांची मैत्री होतच नाही. एकाच खोलीत पाठीला पाठ करून जेवली आणि आपापल्या कोपऱ्यात निजली तरी ते चांगलंच जमलं म्हणायचं.

दिवाळीत मुलांना सुट्टी असते, पिल्लाचा हट्ट जोरात असतो. फटाके आणि पाहुण्यांची वर्दळ असलेल्या घरात मात्र पिल्लू आणू नये. जुनं मांजरच या दिवसांत माळ्यावर दडून असतं. तुळशीचं लग्न होऊ द्यावं.

तोवर ऊसतोड सुरू झालेली असते, आणि फडात पिल्लं सापडतात. ती सगळीच घरच्या मांजराची नसतात. रानमांजराची, ठिपकेदार वाघाटीची, कधी बिबट्याची असतात, आणि आई जवळच असते. त्यांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. जुन्नर वनविभागात बिबट्याची पिल्लं पेटीत घालून रात्री त्याच जागी ठेवतात आणि आई येऊन घेऊन जाते. असं पिल्लू दिसलं तर न हलवता १९२६ वर वनविभागाला कळवावं.

तुळशीच्या लग्नानंतर मागून आणलेलं पिल्लू दोन महिन्यांचं असेल तर संक्रांतीपर्यंत चार महिन्यांचं होतं, आणि पाचव्या महिन्यात भाटी गाभण राहू शकते. बोका असला तर थोड्याच महिन्यांत भिंतीवर फवारे सुरू होतात आणि मनीशी जमलेलं सगळं विस्कटतं. म्हणून पहिल्या लसीच्या वेळीच डॉक्टरांकडून नसबंदीची तारीख मागून घ्यावी, आणि मनीची राहिली असेल तर तिची त्याआधी करून घ्यावी.