आकडा सुधारतो, रुग्ण नाही

‘भावाला अक्यूट पॅन्क्रियाटायटिस होऊन गेला. आता रक्तातल्या अँटीऑक्सिडंटची तपासणी करून घ्यावी का?’ असं एका वाचकाने विचारलं आहे.

हा आजार म्हणजे कुंपणानेच शेत खाणं. आतड्यात पोचल्यावर जागं व्हायचं ते ट्रिप्सिन हे पाचक विकर स्वादुपिंडातच (पॅन्क्रियाजमध्येच) जागं होतं आणि त्या ग्रंथीलाच पचवू लागतं. विकृतिशास्त्रज्ञ हान्स कियारी यांनी हे १८९६ मध्येच ओळखलं होतं. या नासधुशीत ऑक्सिजनच्या फ्री रॅडिकल्सचाही हात आहे, हे मँचेस्टरच्या डॉक्टर जोन ब्रगांझा १९८०च्या दशकापासून हिरिरीने मांडत आल्या. त्यांचं नाव आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही, याची मला खंत वाटते.

या रॅडिकल्सना आवर घालतात ती अँटीऑक्सिडंट्स; क जीवनसत्त्व त्यांतलंच एक. आता त्यांच्या मोजमापाकडे. या रुग्णांच्या रक्तात क जीवनसत्त्व घटलेलं आढळतं, पण ते मोजणं भलतंच नाजूक काम. रक्ताची नळी लगेच बर्फात ठेवायची, सेंट्रीफ्यूजमधून झटपट काढायची, प्लाझ्मात मेटाफॉस्फोरिक आम्ल घालायचं. यात दिरंगाई झाली की जीवनसत्त्व नळीतच ऑक्सिडाइज होतं आणि खापर फुटतं रुग्णाच्या शरीरावर!

‘एकूण अँटीऑक्सिडंट क्षमता’ ही चाचणी तर त्याहून फसवी. तिच्या फ्रॅप नावाच्या प्रकारात रक्तद्रव लोहाचं क्षपण करतो, निळा रंग येतो आणि त्याची तीव्रता मोजतात. पण त्या निळेपणात सर्वांत मोठा वाटा असतो युरिक आम्लाचा. पॅन्क्रियाटायटिस बळावला की मूत्रपिंडं थकतात, युरिक आम्ल साचतं आणि आकडा चक्क वाढतो. रुग्ण खालावतोय आणि रिपोर्ट सुधारतोय! एवढ्यासाठीच युरिक आम्ल, क जीवनसत्त्व, सेलेनियम, ग्लुटाथायोन वेगवेगळं मोजायला हवं.

बरं, उणीव दिसली म्हणून ती भरून काढली तर? मँचेस्टरमध्येच तेही करून पाहिलं. तीव्र आजाराच्या ४३ रुग्णांवरच्या चाचणीत काहींना एन-असिटिलसिस्टीन, सेलेनियम आणि क जीवनसत्त्व शिरेतून दिलं, बाकीच्यांना प्लासिबो. २००७ मध्ये निष्कर्ष छापून आले: रक्तातली पातळी सुधारली, पण अवयव निकामी होणं काही कमी झालं नाही. रक्तातली घट हे आजाराचं कारण की नुसती खूण, हे पातळी मोजून ठरत नाही. संशोधकांना हे आकडे हवेतच. घरी परतलेल्या रुग्णाला त्यांचा उपयोग नाही.

तेव्हा त्या तपासणीवर पैसे घालवू नका. भावाच्या पित्ताशयात खडे आहेत का, ट्रायग्लिसराइड किती आहेत, हे डॉक्टरांना विचारा. आणि दारू घेत असतील तर ती आजच सोडायला लावा.