दोन खांब आणि मोकळे मैदान

ता. १९ जानेवारी २०२५ च्या रात्री दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडासंकुलात भारताच्या महिला खो-खो संघाने नेपाळचा ७८ विरुद्ध ४० असा पराभव करून पहिला विश्वचषक जिंकला. त्याच रात्री पुरुष संघानेही नेपाळलाच ५४ विरुद्ध ३६ असे नमविले. महिला संघाच्या कर्णधार प्रियांका इंगळे आणि पुरुष संघाचे प्रतीक वाईकर हे दोघेही महाराष्ट्राचे. शिवाय महिला संघात धाराशिवच्या अश्विनी शिंदे होत्या. त्या रात्रीचा आनंद आम्हांसही झाला, तो आम्ही लपवीत नाही. पुढे राज्य शासनाने महाराष्ट्राच्या खेळाडूंना रोख पारितोषिकांनी गौरविले, हेही उचितच झाले.

परंतु खो-खोच्या प्रत्येक विजयानंतर एक जुने कौतुक हमखास कानी पडते. हा गरिबांचा खेळ. याला काही लागत नाही. दोन खांब रोवले आणि मोकळे मैदान मिळाले की झाले! हे कौतुक आम्हांस खटकते. ज्याला काही लागत नाही त्याला काही द्यावेही लागत नाही, अशी सोयीची पळवाट त्यात दडलेली आहे.

याच जिल्ह्याच्या सारिका काळे यांचे उदाहरण घ्यावे. २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारतीय संघाचे नेतृत्व त्यांनी केले आणि २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. घरच्या ओढगस्तीमुळे आपण कित्येक वर्षे एकवेळच्या जेवणावर काढली, असे त्यांनीच तेव्हा सांगितले होते. खो मिळताच बसल्या जागेवरून उसळी घ्यावयाची, एकदा दिशा धरली की खांब गाठल्यावाचून माघारी वळावयाचे नाही आणि अखेरीस सूर मारून गडी टिपावयाचा, हे अर्धपोटी किती दिवस करता येईल? त्यांनी ते केले. चंद्रजित जाधव यांच्यासारखे प्रशिक्षक पाठीशी उभे राहिले. पण अशा किती मुली त्या भुकेपुढे हरून मुकाट्याने मैदान सोडून गेल्या असतील, त्यांची नोंद कोणत्याही गुणपत्रकावर नाही.

आता तर खेळच बदलला आहे. विश्वचषकाचे सामने मॅटवर झाले. मातीत घडलेले पाऊल मॅटवर वेगळे वळते, घसरते, आणि गुडघ्याला त्याची किंमत मोजावी लागते. दिल्लीत ज्या पृष्ठभागावर खेळावयाचे तो निवडचाचणीच्या आदल्या आठवड्यात प्रथमच दिसावा, ही खेळाडूची थट्टा होय. मॅट महाग असते हे खरे. सत्कारसमारंभाचे मंडपही काही फुकट येत नाहीत.

या दुष्काळी जिल्ह्यात पालकांच्या मनावरील ओझे आम्ही जाणतो. मुलगी दहावी झाली की तिच्या लग्नाचा विषय निघू लागतो आणि मैदानावरची संध्याकाळ ही चैन ठरते. त्या बापाला विश्वचषकाची गोष्ट सांगून भागणार नाही. मुलीला सरावानंतर दूध व अंडी मिळतात, दुखापत झाल्यास उपचारांचा खर्च कोणी उचलतो, खेळाच्या गुणावर पुढे नोकरी लागू शकते, हे त्याला शेजारच्या घरात घडताना दिसले पाहिजे. आणि सराव आटोपून ती स्थानकावर पोचेल तेव्हा तिच्या गावाची शेवटची एस.टी. निघून गेलेली नसावी.