पल्लाय म्हणजे वेचणे

आपल्याकडे नदीला काठ असतो आणि लुगड्यालाही. हा शब्द आधी नदीचा की वस्त्राचा, असा प्रश्न आपल्याला पडत नाही, इतका तो दोन्हीकडे रुळलेला आहे. पेरूच्या अँडीज डोंगरात, कुस्कोच्या आसपास बोलल्या जाणाऱ्या केचुआ भाषेत असे शब्द पावलोपावली भेटतात. ‘पंपा’ म्हणजे मोकळं, सपाट रान. विणलेल्या शालीत नक्षी नसलेला एकरंगी पट्टा असतो, तोही पंपाच. ‘पल्लाय’ म्हणजे वेचणे. जमिनीतून उकरलेले बटाटे वेचतात ते पल्लाय, आणि नक्षीसाठी मागावरचे धागे एकेक करून उचलतात तेही पल्लाय. ‘निसर्गापासून प्रेरणा घेतलेलं वस्त्र’ अशी चिठ्ठी दुकानांतून हल्ली कशालाही लावलेली दिसते. इथे ती फार तोकडी पडते. इथल्या विणणाऱ्या बाया शेताचं चित्र काढत नाहीत. शेतात जे हात चालतात तेच मागावर चालतात, तीच मोजणी आणि तेच शब्द घेऊन.

माग म्हणजे तरी काय? चार-दोन काठ्या आणि एक कमरपट्टा. ताण्याचं एक टोक खुंटीला, दुसरं विणणारीच्या कमरेला. ती मागे रेलली की ताणा ताठ होतो, पुढे झुकली की सैल पडतो. बाणा जवळजवळ दिसतच नाही. नक्षी सगळी उभ्या धाग्यांची. दोन रंगांच्या जोड्यांमधला कुठला धागा वर घ्यायचा आणि कुठला खाली सोडायचा, हे ती बोटांनी मोजत जाते. खाली गेलेला रंग मागच्या बाजूला तीच नक्षी उलट्या रंगांत उमटवतो. लामाच्या हाडाचं टोकदार अवजार, ‘रुकी’, घेऊन ती प्रत्येक ओळ ठोकून बसवते. समोर कागद नाही, आराखडा नाही. कुस्कोजवळच्या चिंचेरो गावात मुली आधी साध्या नक्षीची अरुंद पट्टी शिकतात. पुढे वळणं घेत जाणारी नदी येते, ‘मायू केंको’.

लोकर मेंढीची असते तशी अल्पाकाची. विकुन्या या रानटी प्राण्यापासून माणसाने अल्पाका माणसाळवला त्याला सुमारे ६,००० वर्षं झाली, आणि आजही जगातले बहुतेक अल्पाका पेरूतच आहेत. बहुतेक पिकं जिथे तग धरत नाहीत अशा, ४,००० मीटरच्या वरच्या गवताळ पठारावर ते चरतात. याच डोंगरातल्या केरो लोकांची शेती तर डोंगरभर उभी पसरलेली: वर अल्पाका, मध्ये बटाटा, खाली जंगलाच्या कडेला मका. एकाच घरातली माणसं या तिन्ही पातळ्यांवर जा-ये करतात, आणि चालता चालता हातातली टकळी, ‘पुष्का’, फिरतच असते. रंग वाटेवरच मिळतो. चिल्का झुडपाच्या पाल्यातून हिरवा निघतो, आणि फड्या निवडुंगावरच्या कोचिनियल किड्यांपासून लाल. त्यात लिंबू पिळा, की छटा बदलते.

हे किती जुनं आहे? न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन संग्रहालयात पेरूच्या दक्षिण किनाऱ्यावरचं, पाराकस या नावाने ओळखलं जाणारं सुमारे २,००० वर्षांपूर्वीचं एक छोटं वस्त्र आहे. मधला भाग सुती आणि कडेने लामा-अल्पाका कुळातल्या लोकरीच्या सुमारे ९० आकृती. त्यांतल्या कित्येकींच्या हातांत पिकांची रोपं आहेत.

मला मात्र सगळ्यांत जास्त खिळवून ठेवतं ते तितिकाका सरोवरातलं ताकिले बेट. तिथली जमीन सहा ‘सुयूं’मध्ये वाटलेली आहे. पिकांची फेरपालट या सहा भागांतून फिरते. कुठे बटाटा, कुठे दुसरं पीक, तर काही भाग पडीक. बेटावरच्या विणकामात सहा फाकांचा एक गोल येतो, तो म्हणजे हीच वाटणी. रुंद कमरपट्ट्यावर, ‘चुंपी’वर, वर्षभराच्या शेतीचं आणि विधींचं पंचांग विणलेलं असतं. तिथे सुया पुरुषांच्या हातात असतात, टोप्या तेच विणतात. जमिनीवर रोवलेल्या मागाचं काम बायकांचं. युनेस्कोने २००५ मध्ये या कलेला मानवतेचा वारसा म्हणून गौरवलं.

मराठी माणसाला अल्पाका भेटली ती काळ्या कोटातून. जुन्या लिखाणातले वकील आणि मास्तर अल्पाकाचा कोट घालतात. त्या कापडाच्या लोकप्रियतेमागे इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डचे गिरणीमालक टायटस सॉल्ट होते. १८५३ मध्ये त्यांनी सॉल्टेअरची भव्य गिरणी उघडली. सुती ताण्यात अल्पाकाचा बाणा घालून ते चकचकीत कापड निघे. लोकर पठारावरचीच, पण त्या कोटात ना पंपा उरली होती, ना पल्लाय.

गिरण्यांच्या पसंतीचा परिणाम कळपांवरही झाला. पांढरी लोकर कुठलाही रंग घेते म्हणून तिला भाव जास्त मिळतो. मग तपकिरी, राखी, काळे अल्पाका कमी होत गेले. हे नुकसान मला फार लागतं. तो रंग मुळात शिजवायचाच नव्हता, प्राण्याच्या अंगावरच होता. त्यात हिमनद्या आटताहेत, त्यांच्या पाण्यावरची ओली कुरणं सुकताहेत, आणि बाजारात अॅक्रिलिकचा स्वस्त धागा आला आहे.

चिंचेरोच्याच नील्दा कायान्याउपा यांनी १९९६ मध्ये इतरांच्या साथीने कुस्कोत पारंपरिक वस्त्रकेंद्र उभं केलं. वेगवेगळ्या गावांतल्या विणकरणी त्याच्याशी जोडल्या गेल्या, आणि विसरल्या जात असलेल्या नक्ष्या म्हाताऱ्यांकडून पुन्हा शिकल्या गेल्या. पितुमार्का हे त्यांतलंच एक अल्पाका पाळणारं गाव.

तुमच्या हाती असं वस्त्र आलं, तर आधी कडा पाहा. खऱ्या शालीला चारही बाजूंनी विणलेली किनार असते. ते कापड कधी कात्रीखाली गेलेलं नसतं. मग एका टोकाकडची शेवटची चार बोटं तपासा. विणत विणत ताणा संपत येतो, धाग्यांत फट उरत नाही, काठी आत जात नाही. तेव्हा विणकरीण सुई घेते आणि प्रत्येक ओळ हाताने ओवते. या चार बोटांना वेळ फार लागतो. तिथे नक्षी जराशी दाटते, नदीचं एखादं वळण अर्ध्यावर थांबतं. बोट फिरवलं की ती जागा हाताला लागते.