शून्याची कमाई

रेवसच्या धक्क्यावर उभे राहिले की समोर करंजा दिसते, आणि दोहोंच्या मधून धरमतरच्या खाडीत शिरणाऱ्या बार्जेस दिसतात. भरतीची वेळ साधून त्या कोळसा आणि खनिज घेऊन आत डोलवीच्या पोलाद कारखान्याकडे जातात. भाऊच्या धक्क्याहून येणाऱ्या लाँचमधील उतारूंना त्यांचे काही अप्रूप राहिलेले नाही. ज्या जेएसडब्ल्यू समूहाचा हा माल, त्याच समूहाने २०१३ साली बंगळूर येथे एक फुटबॉल संघ उभा केला. त्या संघाला इंडियन सुपर लीगचे पहिले विजेतेपद मिळवून देणारा गोल एका मराठी मुलाने केला आणि तो मुंबईच्या मैदानावर केला. त्याचे नाव राहुल भेके. तो आघाडीचा खेळाडू नव्हता. गोल करणे हे मुळात त्याचे कामच नव्हते.

रायगड जिल्हा हा कबड्डीचा. येथील वाचकांना बचावपटूचे काम समजावून सांगण्यासाठी फुटबॉलच्या पुस्तकाची गरज नाही. चढाई करून तीन गडी टिपणाऱ्याचे नाव गावभर होते. ज्या कोपरारक्षकाने योग्य क्षणी घोटा पकडून सामना वाचवला, त्याचे नाव दुसऱ्या दिवशी फक्त त्याच्या घरच्यांना आठवते. फुटबॉलमधील बचावपटूचे तसेच आहे. नव्वद मिनिटे त्याने बिनचूक काम केले तर फलकावर त्याच्या नावापुढे काहीच लिहिले जात नाही; प्रतिस्पर्ध्याच्या खात्यात शून्य राहिले, एवढीच त्याची मिळकत. उलट एक चूक झाली तर ती मात्र वर्षानुवर्षे दाखवली जाते. व्यापारी घरांत ही गोष्ट लवकर कळावी. बुडाली असती अशी उधारी वेळीच रोखली, तर त्या शहाणपणाची नोंद कोणत्याही खतावणीत होत नाही.

राहुलचा जन्म ६ डिसेंबर १९९० चा, मुंबईचा. त्याच्या उमेदवारीचा काळ नीट समजून घ्यायचा तर त्या वेळच्या मुंबईच्या फुटबॉलकडे पाहावे लागते. या शहरात १८९१ पासून रोव्हर्स कपसारखी स्पर्धा खेळली गेली. कूपरेजच्या मैदानावर कार्यालयांचे संघ एकमेकांशी झुंजत. टाटा, मफतलाल, महिंद्र, एअर इंडिया, रेल्वे, आणि बँकांपैकी बँक ऑफ इंडिया, सेंट्रल बँक, युनियन बँक. चांगला खेळणाऱ्या मुलाला खेळाडू म्हणून नोकरी मिळे, सकाळी सराव, दुपारनंतर टेबल, आणि पाय थकले की उरलेली वीस-पंचवीस वर्षे खुर्ची. पगार मोठा नसे, पण भविष्यनिर्वाह निधी आणि निवृत्तिवेतन असे. आई-वडिलांना झोप लागण्यासाठी ते पुरेसे होते.

राहुल ऐन विशीत आला आणि नेमकी हीच इमारत ढासळू लागली. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड हा संघ २०१० मध्ये बंद झाला. पुढच्याच वर्षी पंजाबचा जेसीटी गेला. २०१३ मध्ये व्यावसायिक संघांसाठी ठरवलेल्या परवाना-अटी पूर्ण न झाल्याने एअर इंडिया आणि ओएनजीसी या दोन संघांना आय-लीगमधून बाहेर पडावे लागले. म्हणजे ज्या पिढीने नोकरीच्या आशेने बूट बांधले, तिच्यापुढून नोकरीच नाहीशी झाली आणि तिच्या जागी करार आला. एक वर्षाचा, दोन वर्षांचा. गुडघा फिरला तर नूतनीकरण नाही. तारण नसलेल्या कर्जासारखीच ही जोखीम, फक्त ती घेणारा वीस वर्षांचा मुलगा.

अशा दिवसांत राहुल मुंबईबाहेर पडला आणि कोलकात्याच्या ईस्ट बंगालमध्ये गेला. कोलकात्यात फुटबॉल म्हणजे घराघरांतला विषय. तेथे चुकलेल्या पासाबद्दल भाजीवालासुद्धा जाब विचारतो असे म्हणतात. मुंबईत मोजक्या प्रेक्षकांसमोर खेळलेल्या मुलासाठी ती खरी शाळा होती.

त्याच सुमारास भारतीय फुटबॉलमध्ये एक चमत्कारिक व्यवस्था सुरू झाली. २०१४ पासून इंडियन सुपर लीग वर्षाच्या शेवटच्या काही महिन्यांत खेळली जाई आणि नवे वर्ष उजाडल्यावर आय-लीग. त्यामुळे एकाच खेळाडूला वर्षात दोन मालक असत. एक संघ दुसऱ्याला आपला खेळाडू काही महिन्यांसाठी उसना देई. बँकेतला ‘लोन’ हाच शब्द फुटबॉलमध्येही आहे. येथे फक्त रकमेऐवजी माणूस दिला जातो. राहुल २०१५ मध्ये केरळ ब्लास्टर्सकडून खेळला. त्या हंगामात हा संघ तळाला राहिला. २०१६ मध्ये तो पुण्याच्या संघात होता, आन्तोनियो हबास यांच्या हाताखाली, बालेवाडीच्या मैदानावर. तो हंगामही मध्यमच. पुण्याचा तो संघ आज अस्तित्वात नाही. २०१९ मध्ये त्याची जागा हैदराबादने घेतली. सामान बांधायचे, नवी भाषा, नवा स्वयंपाकी, नवा प्रशिक्षक, आणि चार महिन्यांनी पुन्हा सामान बांधायचे. या वर्षांत त्याच्या नावावर काही मोठे यश दिसत नाही. पण उजव्या बगलेवर आणि मध्यभागी अशा दोन्ही जागी उभे राहण्याची तयारी, आणि हाताने चेंडू थेट गोलसमोर टाकणारी ती लांब पल्ल्याची थ्रो-इन, हे भांडवल याच फिरतीच्या काळातले असावे.

२०१७ मध्ये बंगळूर एफसीने सुपर लीगमध्ये प्रवेश केला आणि राहुलला घेतले. तो सव्वीस वर्षांचा होता. फुटबॉलमध्ये हे काही कोवळे वय नव्हे. त्या वयात अनेकांची नावे देशाला पाठ झालेली असतात. राहुलने तोवर भारतासाठी एकही सामना खेळलेला नव्हता.

पहिल्याच हंगामात बंगळूर अंतिम फेरीत पोहोचला. १७ मार्च २०१८, घरचे कांतीरवा मैदान, प्रतिस्पर्धी चेन्नईयिन. सुनील छेत्रीने नवव्या मिनिटाला गोल करून आघाडी मिळवली. त्यानंतर मायल्सन आल्वेस या चेन्नईच्या ब्राझीलियन बचावपटूने मध्यंतरापूर्वीच दोन गोल केले. दोन्ही कॉर्नर किकवर, दोन्ही डोक्याने. बंगळूर ३-२ असा हरला. ज्यांचे काम गोल रोखणे, त्या बचावफळीला समोरच्या बचावपटूनेच हरवले. घरच्या प्रेक्षकांसमोर असे होणे किती झोंबते, हे सांगायला नको. महिनाभरानेच, २० एप्रिलला भुवनेश्वर येथे सुपर कपची अंतिम लढत झाली. समोर राहुलचा जुना संघ, ईस्ट बंगाल. कोलकात्याच्या संघाने आधी गोल केला. ३९ व्या मिनिटाला बरोबरी साधली ती राहुलने. पुढे बंगळूरने सामना ४-१ असा जिंकला.

आणि मग १७ मार्च २०१९. तारीख तीच, फक्त वर्ष पुढचे. मैदान अंधेरीचे, म्हणजे राहुलच्या शहराचे. प्रतिस्पर्धी एफसी गोवा, जो त्या हंगामात सर्वांत आकर्षक आक्रमणासाठी ओळखला जात होता. नव्वद मिनिटांत गोल नाही. अतिरिक्त वेळेच्या पहिल्या सत्राच्या शेवटी गोव्याच्या अहमद जाहूला लाल कार्ड मिळाले आणि गोवा दहा जणांवर आला. तरीही कोंडी फुटेना. पेनल्टींच्या लॉटरीला तीन मिनिटे उरली होती. ११७ वे मिनिट, दिमास देल्गादोची कॉर्नर किक. बचावपटू कॉर्नरच्या वेळी पुढे जातात, कारण ते उंच असतात आणि उडी मारण्याची त्यांना सवय असते. पण त्यात धोकाही असतो, कारण चेंडू हुकला तर मागे दुकान उघडे पडते. राहुलने उडी घेतली. चेंडू डोक्याला लागून खांबाला चाटून आत गेला. बंगळूर १-०. आदल्या वर्षी कॉर्नरवर गेलेले विजेतेपद कॉर्नरवरच परत आले. सामन्याचा मानकरीही राहुलच ठरला.

राष्ट्रीय संघाचे दार मग उघडले. नवे प्रशिक्षक इगोर स्टिमॅक यांनी जून २०१९ मध्ये थायलंडच्या किंग्ज कपमध्ये क्युरासाओविरुद्ध त्याला उतरवले. भारत ३-१ असा हरला. अठ्ठाविसाव्या वर्षी मिळालेली पहिली टोपी आणि पहिल्याच दिवशी पराभव.

परंतु त्याच वर्षी १० सप्टेंबरला दोहा येथे जे घडले, त्याला भारतीय फुटबॉलच्या अलीकडच्या इतिहासात जोड नाही. विश्वचषक पात्रता फेरीचा सामना, समोर कतार, म्हणजे सातच महिन्यांपूर्वी आशिया चषक जिंकलेला संघ. पाच दिवसांपूर्वी त्यांनी अफगाणिस्तानला सहा गोलांनी लोळवले होते. भारत त्याच दिवशी गुवाहाटीत ओमानविरुद्ध ८२ व्या मिनिटापर्यंत आघाडीवर राहून शेवटी २-१ असा हरला होता. त्यात छेत्री तापाने आजारी. कतारने फटक्यांचा अक्षरशः वर्षाव केला. गोलरक्षक गुरप्रीतसिंग संधू, मध्यभागी संदेश झिंगन आणि आदिल खान, डाव्या बगलेवर गोव्याचा मंदार राव देसाई आणि उजव्या बगलेवर राहुल. निकाल ०-०. कतारच्या घरी, आशियाच्या विजेत्याकडून एक गुण. फलकावर दोन शून्ये होती आणि भारतीय प्रेक्षक जिंकल्यासारखे नाचत होते. बचावपटूच्या आयुष्यात याहून मोठा दिवस क्वचितच येतो.

त्याच शहरात, त्याच संघाविरुद्ध परतीचा सामना करोनामुळे लांबला आणि ३ जून २०२१ रोजी झाला. पहिल्या सतरा मिनिटांत राहुलला दोन पिवळी कार्डे मिळाली. दुसरे चेंडूला हात लागल्याबद्दल. दोन पिवळ्यांचे एक लाल. तो बाहेर गेला. उरलेली त्र्याहत्तर मिनिटे भारत दहा जणांनी खेळला आणि अवघ्या एका गोलाने हरला. अकरा असते तर काय झाले असते, हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारला असो वा नसो, तो त्या रात्री त्याच्याबरोबर झोपायला गेला असणार. पुढच्या सामन्याला तो निलंबित. ज्या मैदानाने दोन वर्षांपूर्वी मान दिला, त्यानेच तो काढून घेतला.

अशा प्रसंगानंतर अनेकांची कारकीर्द उतरणीला लागते. तिसाव्या वर्षी तर हमखास. राहुल त्या सुमारास बंगळूर सोडून मुंबई सिटीत आला, म्हणजे घरी आला. ११ एप्रिल २०२२ रोजी रियाध येथे एएफसी चॅम्पियन्स लीगच्या गट फेरीत मुंबई सिटीची गाठ इराकच्या एअर फोर्स क्लबशी पडली. भारताच्या एकाही क्लबने या स्पर्धेच्या गट फेरीत तोवर सामना जिंकलेला नव्हता. इराकी संघाने आघाडी घेतली, दिएगो मॉरिसियोने पेनल्टीवर बरोबरी केली, आणि ७५ व्या मिनिटाला कॉर्नरवर राहुलने डोक्याने विजयी गोल केला. कॉर्नर घेणारा होता अहमद जाहू, तोच, जो तीन वर्षांपूर्वी अंधेरीत गोव्याकडून खेळताना लाल कार्ड घेऊन बाहेर गेला होता. व्यावसायिक खेळात कालचा प्रतिस्पर्धी आजचा भागीदार होतो. पेढीवरच्या माणसांना यात नवल वाटू नये.

पुढचे थोडक्यात. २०२३-२४ च्या हंगामात तो मुंबई सिटीचा कर्णधार होता, आणि ४ मे २०२४ रोजी कोलकात्यात मोहन बागानला ३-१ असे हरवून त्याने चषक उचलला. त्याआधी जानेवारीत आशिया चषकात भारत तिन्ही सामने हरला. तो तेथेही बचावफळीत होता. नंतर तो बंगळूरला परतला. नोव्हेंबर २०२४ मध्ये मलेशियाविरुद्ध आणि १९ मार्च २०२५ रोजी शिलाँग येथे मालदीवविरुद्ध त्याने भारतासाठी गोल केले. दोन्ही कॉर्नरवर, दोन्ही डोक्याने.

रेवस, मांडवा, थळ या पट्ट्यातील एखाद्या दुकानदाराचा मुलगा उद्या म्हणाला की मला फुटबॉलमध्ये जायचे आहे, तर वडिलांनी हा सारा प्रवास त्याच्याबरोबर बसून पाहावा. अंधेरीचा तो एक क्षण तर पाहावाच, पण विसाव्या ते सव्विसाव्या वर्षांमधील ती कोरी पानेही पाहावीत. त्या वर्षांत पदवी पूर्ण होते का, दुखापतीचा विमा कोण भरतो, करारात पगार थकल्यास काय लिहिले आहे, हे प्रश्न विचारताना संकोच करू नये. मुलाला नाउमेद करण्यासाठी ते नाहीत. दुकानाची जागा भाड्याने घेतानाही आपण याहून अधिक प्रश्न विचारतो.

शेवटचा प्रश्न तर अजिबात काल्पनिक नाही. जुलै २०२५ मध्ये महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातील हक्कांच्या कराराचे भवितव्य ठरेना, म्हणून इंडियन सुपर लीगचा पुढचा हंगाम स्थगित करण्यात आला. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बंगळूर एफसीने आपल्या मुख्य संघातील खेळाडूंचे आणि कर्मचाऱ्यांचे वेतन अनिश्चित काळासाठी थांबवल्याचे जाहीर केले. शिलाँगचा गोल होऊन तेव्हा पाच महिनेही झाले नव्हते.