घासून न निघणारी काळी मान

रविवारी न्हायला घालताना आई लेकीची मान घासते. आधी साबण, मग डाळीचं पीठ, शेवटी वजरी. मुलगी रडते, मान हुळहुळते, काळेपणा मात्र तसाच राहतो. 'अंघोळ नीट करत नाही' हा शिक्का तेवढा तिच्यावर बसतो.

तो मळ नसतोच. मानेवर, काखेत त्वचा मखमलीसारखी जाड आणि काळसर होते, तिला डॉक्टर अकॅन्थोसिस निग्रिकन्स म्हणतात. रक्तात इन्शुलिन गरजेपेक्षा जास्त वाढल्याची ती बहुतेक वेळा खूण असते. पुढे येऊ शकणाऱ्या मधुमेहाची किंवा मुलींमधल्या पीसीओएसची ही पहिली सूचना असू शकते. म्हणून इथे गरज असते ती साखरेच्या तपासणीची, वजनाकडे लक्ष देण्याची. उलट, रोज वजरीने किंवा नायलॉनच्या जाळीने घासलं तर पाठ आणि दंड नव्याने काळवंडतात.

असं का होतं, ते एकदा समजून घ्यायला हवं. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी गोऱ्या आणि सावळ्या माणसात जवळपास सारख्याच संख्येने असतात. फरक असतो तो रंगद्रव्याच्या कणांत. सावळ्या त्वचेत ते मोठे, सुटे असतात आणि उशिरा विरतात. शिवाय या पेशी चटकन चाळवतात. मुरुम फोडला, वॅक्सिंगने कातडी सोलवटली, लिंबू चोळून उन्हात गेलं, की त्या जास्तीचं रंगद्रव्य तयार करतात. जखम आठवड्यात भरते, डाग महिनोन्महिने राहतो. सावळ्या त्वचेच्या उपचारांचा सगळा विचार इथून सुरू व्हायला हवा. सावळेपण हा आजार नाही, त्यावर उपचार नको. डाग, वांग, व्रण यांच्यावर मात्र हवा, आणि तो आपल्या त्वचेला मानवेल असा हवा.

'आपण सावळे, आपल्याला सनस्क्रीन कशाला?' यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच हा समज घट्ट बसला आहे. 1979 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कृष्णवर्णीयांच्या बाह्यत्वचेचं नैसर्गिक संरक्षण एसपीएफ 13 च्या आसपास भरलं, तर गोऱ्यांचं 3 च्या आसपास. आपल्यापैकी बहुतेकांची त्वचा या दोहोंच्या मधली. त्यामुळे आपण उन्हाने लवकर भाजत नाही, पण काळवंडतो आणि वांग वाढतो. वांग वाढायला अतिनील किरणच लागतात असंही नाही, डोळ्यांना दिसणारा साधा प्रकाशही पुरतो. तो अडवायला नेहमीचं सनस्क्रीन कमी पडतं. त्यासाठी लोहाचं ऑक्साइड असलेलं, रंगीत सनस्क्रीन लागतं. गेरूला तांबडा रंग येतो तो याच ऑक्साइडमुळे. वांग असलेल्या बाईला 'सनस्क्रीन लावा' एवढंच सांगणं अर्धवट आहे, कोणतं लावायचं तेही सांगायला हवं. आणि ते तिच्या रंगाशी जुळणारं हवं. भस्म फासल्यासारखा चेहरा दिसला तर ती बाटली कपाटातच राहणार.

'लेझर आपल्यासाठी नाहीच.' अनेकांचे चेहरे लेझरने पोळले आहेत, त्यामुळे ही भीती खरी आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा आहे. थॉमस फिट्झपॅट्रिक या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञांनी 1975 मध्ये त्वचेचे प्रकार पाडले तेव्हा त्यांच्यासमोर गोरीच माणसं होती. तपकिरी आणि काळ्या त्वचेला पाचवा आणि सहावा प्रकार मिळाला तो नंतर. आपण साधारण चौथ्या-पाचव्या प्रकारात येतो, आणि लेझर निवडताना हेच आधी पाहावं लागतं. केस काढण्याचा लेझर केसाच्या मुळाशी असलेलं रंगद्रव्य तापवतो. पण वरच्या त्वचेतही तेच रंगद्रव्य असेल, तर ती आधी भाजते. तरंगलांबी जितकी जास्त, तितका प्रकाश वरच्या थरात कमी अडकतो. म्हणून 755 नॅनोमीटरच्या अलेक्झांड्राइटपेक्षा 1064 नॅनोमीटरचा एनडी-याग सावळ्या त्वचेला जास्त सुरक्षित असतो. त्याच्या जोडीला थंडावा हवा, ऊर्जा बेताची हवी, आणि आधी कानामागे किंवा जबड्याखाली लहानशा जागेवर चाचणी हवी. यंत्र कोणतं आहे आणि चाचणी कधी करणार, हे दोन प्रश्न पैसे भरण्याआधी विचारावेत. उत्तर मिळालं नाही तर उठून यावं. केमिकल पीलचंही तेच. सौम्य पील, मध्ये पुरेसं अंतर ठेवून, अनेकदा करावं. एका बैठकीत चेहरा सोलून काढण्याचा हट्ट आपल्या त्वचेला सोसत नाही.

'त्वचा लाल दिसली नाही म्हणजे दाह नाही.' सावळ्या रंगावर दाह जांभळट, राखाडी किंवा गडद तपकिरी दिसतो. वैद्यकाच्या पाठ्यपुस्तकांत वर्षानुवर्षं गोऱ्या त्वचेचीच छायाचित्रं छापली गेली. लंडनमध्ये शिकणाऱ्या मलोन मुकवेंडे या वैद्यकीय विद्यार्थ्याने सहकाऱ्यांसोबत 2020 मध्ये 'माइंड द गॅप' ही पुस्तिका काढली, ती याच उणिवेपायी. आपल्याला ठणका, कढतपणा, खाज जाणवत असेल तर डॉक्टरांना ते शब्दांत सांगावं, नुसत्या रंगावर सोडू नये.

सगळ्यात जास्त नुकसान करणारा समज म्हणजे 'मेडिकलमधून आणलेली ट्यूब, ती काय वाईट करणार?' यातल्या कितीतरी क्रीममध्ये स्टेरॉइड असतं. पहिले काही आठवडे चेहरा खरोखर उजळतो, म्हणून एक बहीण दुसरीला तेच नाव सांगते. मग कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, मुरुम येतात, लव वाढते. क्रीम बंद केलं की चेहरा पेटतो, म्हणून पुन्हा तेच लावलं जातं. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी 14 स्टेरॉइडं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली, तरी ट्यूब सहज मिळते. बिनलेबलच्या 'गोरं करणाऱ्या' क्रीममध्ये तर पाराही सापडतो. केरळातल्या मलप्पुरम जिल्ह्यात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे 15 रुग्ण तपासले, तेव्हा त्यांतले 13 जण अशी क्रीम वापरत होते.

घरातली ट्यूब उलटून बारीक अक्षरं वाचा. मोमेटासोन, क्लोबेटासोल, बीटामेथासोन या स्टेरॉइडांपैकी एखादं नाव असेल आणि ती महिनोन्महिने चेहऱ्याला लावली जात असेल, तर ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. एका दिवसात बंद केल्याने पेटणारा चेहरा त्यांच्या देखरेखीखाली हळूहळू सावरता येतो.